रानाला दिलेली पडकई

माघ सरत आला तरी जाळपट्ट्याच्या कामाचा निरोप आला नाही. भागू केंगले रोज सकाळी खाकी सदरा अंगात घालून ओट्यावर बसायचा, खालच्या रस्त्याकडं बघायचा आणि चहा गार करायचा. अंबाबाईला त्याचं हे बसणं बघवत नव्हतं. एकोणीस वर्षं हा माणूस उजाडताना घराबाहेर पडलेला. आता तो दिवसभर घरात असला की भांडी कुठं ठेवावीत तेच तिला सुचेना.

आता रोजंदारीच्या माणसाला कसली आलीय वर्दी? सदरा कुण्या साहेबाच्या ड्रायव्हरनं दिलेला, कोपरावर ठिगळ, एक बटण निळं. पण तो घातला की भागूची मान ताठ व्हायची. अंबाबाई दर आठवड्याला तो दगडावर न आपटता हातानं चोळून धुवायची, फाटू नये म्हणून. याबद्दल तिला कुणी चिडवलं तर ती म्हणायची, साबण वाचतो.

आसनवाडी म्हणजे तळेघरच्या वरची बारा घरांची वाडी. एसटी तळेघरापर्यंत, पुढं आपले पाय. घरांच्या पुढं भाताची खाचरं, मागं चढ, आणि चढ संपला की अभयारण्याचं रान. हिरडा, जांभूळ, अंजनी. भर उन्हात आत शिरलं तरी अंगाला गारवा लागतो. त्या रानात शेकरू राहतं. मांजराएवढं अंग, तांबूस रंग, शेपूट अंगापेक्षा लांब, आणि जमिनीवर उतरायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. भागू वनखात्याचा मजूर. पाणवठे साफ करायचे, चैत्रात शेकरूची घरटी मोजायची, आणि माघ-फाल्गुनात गडीमाणसं घेऊन जाळपट्टा काढायचा, हे त्याचं काम.

जाळपट्टा म्हणजे रानाच्या कडेनं दहा पावलं रुंदीचं गवत कापायचं आणि वारं पडलेलं असताना आपल्याच हातानं जाळून टाकायचं. मग उन्हाळ्यात खालून वणवा चढला तर पट्ट्यापाशी त्याला खायला काही मिळत नाही, तो तिथंच बसतो. कड्यापासून ओढ्यापर्यंत अडीच किलोमीटर पट्टा. पंधरा माणसं लावली तर दोन दिवसांचं काम. शिमग्याच्या आत व्हायला पाहिजे, कारण शिमगा झाला की वारं फिरतं आणि मग गवताला काडी लावायची कुणाची छाती होत नाही.

त्या दिवशी मोटरसायकलचा आवाज आला तसा भागू ओट्यावरून उठला. रुपाली मॅडम आल्या होत्या. वनरक्षक. मॅडम म्हणायचं, पण पोरगी सव्वीस वर्षांची, खोडदच्या शेतकऱ्याची. तिच्या घराच्या दारातून त्या अवाढव्य दुर्बिणीच्या छत्र्या दिसतात असं ती सांगायची. दोन महिने झाले, ती गाडीत पेट्रोल स्वतःच्या पगारातून घालत होती, कारण जीप डिझेलवाचून ऑफिसच्या दारात उभी होती. अंबाबाईला हे भागूनं सांगितलं होतं. त्यामुळं ती आली की अंबाबाई तिच्या चहात दूध जरा जास्त घालायची.

"मामा, निधी नाही आला," रुपाली उभ्याउभ्याच म्हणाली. "पुढच्या महिन्यात येईल म्हणतात."

"पुढच्या महिन्यात वणवा यील," भागू म्हणाला.

"मी लिहिलंय तसं वर. दोनदा लिहिलं." तिनं पिशवीतून एक कागद काढला, पण त्याच्या हातात दिला नाही. "अजून एक आहे. रोजंदारीची सगळी माणसं एक तारखेपासून थांबवायची म्हणून पत्र आलंय."

अंबाबाई दारातून पुढं आली. "अन् मागचे चार महिने राबले त्येचं?"

"ते येणार मावशी. कधी येणार ते मला सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू?"

पोरगी खोटं बोलत नव्हती, हीच अडचण होती. खोटं बोलली असती तर अंबाबाईला तिच्यावर ओरडता आलं असतं. तिनं चहा आणून दिला. रुपालीनं तो खाली मान घालून प्यायला आणि मग जे करायला आली होती ते केलं. भागूकडचं सरकारी सामान जमा करून घ्यायचं होतं. बॅटरी, कोयता, पाण्याचा कॅन, आणि शिट्टी. भागूनं एकेक आणून ओट्यावर मांडलं. शिट्टी काही सापडेना. रुपाली म्हणाली, "राहू दे मामा, हरवली म्हणून लिहिते." मग भागूनं सदऱ्याच्या आत हात घातला. शिट्टी दोरीनं गळ्यातच होती. त्यानं ती काढली, सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि कोयत्याच्या शेजारी ठेवली. अंबाबाई आत गेली आणि चुलीत उगाचच लाकूड सारलं.

दुसऱ्या दिवशी भागू उजाडताना उठला, सदरा घातला, घरचा कोयता घेतला आणि गेला. अंबाबाईनं विचारलं नाही. दुपारी भाकरी बांधून ती चढ चढून गेली तर तो कड्याच्या टोकाला एकटाच वाकून गवत कापत होता. कापलेला तुकडा बघून ती रडायच्या बेताला आली. आपल्या घरापुढचं अंगण असतं ना, तसली चार अंगणं. आणि पुढं पिवळं गवत कमरेइतकं, ओढ्यापर्यंत.

चार दिवस ती अशी भाकरी घेऊन गेली. पाचव्या दिवशी त्यानं भाकरी डाव्या हातानं मोडली. तिनं त्याचा उजवा हात ओढून उलटा केला. फोड येऊन फुटले होते, त्यावर पुन्हा फोड आले होते.

"काय पडलंय तुमाला?" ती म्हणाली. "चार महिने झाले, दमडी न्हाई. कामावरनं काढलं. शिट्टीसुदिक घेऊन गेले."

"शिट्टी त्येंचीच व्हती."

"अन् रान कुणाचं हाय?"

हातातला तुकडा तोंडात टाकून भागू उठला आणि "ये" म्हणाला. कडेच्या जांभळीखाली नेऊन त्यानं तिला वर बघायला लावलं. दोन फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा होता. बराच वेळ काहीच दिसलं नाही, अंबाबाईची मान अवघडली. मग गोळ्यातून शेकरूची मादी बाहेर आली. तिच्या तोंडात पिल्लू होतं, मानेला धरलेलं. ते घेऊन ती शेजारच्या हिरड्यावर गेली, तिथल्या दुसऱ्या घरट्यात ठेवलं आणि राहिलेल्या पिल्लासाठी परत आली.

"एका जागी ठेवत न्हाई ती पिल्लू," भागू हळू म्हणाला. "पाच-सहा घरटी बांधती. पण आग आली तर किती पळवंल? एकेकच नेता येतं तिला."

अंबाबाईला तीन लेकरं झाली होती. त्यातलं एक तळेघरच्या दवाखान्यापर्यंत पोचलं नव्हतं. भाकरीचं फडकं झटकून ती खाली निघाली.

वाटेत त्यांचं वरचं खाचर लागतं. खरं तर ती तिकडं बघायचं टाळायची. वाडीतलं सगळ्यात चांगलं भात पिकवणारं खाचर ते, आणि गेल्या श्रावणात त्याचा बांध कोपऱ्यातून फुटला. अर्धी माती ओढ्यात गेली. आता तिथं दगडांचा ढिगारा आणि मधे घळ. आवंदा बांध घातला नाही तर पाऊस उरलेली मातीही नेणार, आणि मग ते खाचर म्हणायचं काय, उतरण म्हणायची.

तो बांध का फुटला ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं, पण भागूसमोर कुणी बोलत नसे. वाडीत बांध रचावा तर दादाभाऊनं. दादाभाऊ भागूचा चुलतभाऊ. दगड हातात घेऊन दोनदा फिरवला की त्याला कळतं, याचं तोंड कुठं आणि बूड कुठं. पण तीन वर्षांमागं दादाभाऊ अभयारण्यातली एक वाळकी जांभळी तोडताना सापडला आणि पकडणारा भागूच होता. भागूनं त्याची कुऱ्हाड ऑफिसात जमा केली. बापाच्या हातची कुऱ्हाड. दादाभाऊला दिवसभर ऑफिसच्या दारात उभं राहावं लागलं, अंगठा द्यावा लागला. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. मग गेल्या उन्हाळ्यात खाचराचा कोपरा खचला तेव्हा चारचौघं म्हणाले, दादाभाऊला बोलवू. भागू म्हणाला, मला काय दगड बसवता येत न्हाई व्हय? आणि त्यानं स्वतः बसवले. श्रावणातल्या दुसऱ्या झडीला कोपरा गेला.

आता आसनवाडीत पडकई असते. शिमग्याच्या आगंमागं सुरू होते ती पाऊस लागेपर्यंत. ज्या घरचा दिवस असेल त्या घरच्या शेतावर बाकीच्या अकरा घरांची माणसं येतात, दगड, माती, बांध, जे असेल ते काम एका दिवसात उरकतात. मजुरी नाही. त्या घरानं फक्त पोटभर जेवायला घालायचं आणि इतरांच्या दिवशी आपण जायचं. वर्षाला एका घराला एकच दिवस. बोलावणं घरच्या बाईनं द्यायचं, ताटात हळदकुंकू आणि मूठभर तांदूळ घेऊन. यंदा पहिला दिवस अंबाबाईचा होता. फुटलेल्या बांधासाठी तिनं तो श्रावणापासून मनात धरून ठेवला होता.

ती ढिगाऱ्यावर बसली. बांध आपला, पोटाचा. गवताचा पट्टा सरकारचा, आणि सरकारला त्याची पर्वा असती तर पैसे आले असते. हे सगळं तिला कळत होतं. तरी डोळ्यापुढून ती तोंडात पिल्लू धरलेली मादी काही हलेना. बऱ्याच वेळानं ती उठली, पदर खोचला आणि घरी जाऊन ताट काढलं.

"आंबाबाय, उद्या बांधाला का?" पहिल्याच दारात अंजनानं विचारलं. ही वाडीतली सगळ्यात तरणी सून, बोलायला फटकळ.

"बांधाला न्हाई. जाळपट्ट्याला."

अंजनानं ताटातलं कुंकू बोटानं कपाळाला लावलं आणि बोट तसंच कपाळावर राहिलं. "सरकारच्या?"

"व्हय."

"अन् बांध?"

"बांध ऱ्हाईल आवंदा."

बातमी तिच्या पुढं पळाली. पाचव्या घरापर्यंत ती पोचली तेव्हा बाया दारात उभ्याच होत्या. कुणी म्हणालं, आमाला वाळलं सरपण आणू देत न्हाईत अन् आमी त्येंचं गवत कापायचं? कुणी म्हणालं, पडकई म्हणजे काय धर्मादाय हाय का? अंबाबाई भांडली नाही. "माझा दिवस हाय. मी तिथं लावला. जेवायला घालीन. यायचं त्येनी यावं," एवढंच प्रत्येक दारात म्हणाली. कुंकू मात्र कुणी नाकारलं नाही.

शेवटचं घर दादाभाऊचं. तो ओट्यावर दावं वळत बसला होता. त्याची बायको सखूबाई पुढं झाली, कुंकू लावून घेतलं, तांदूळ पदरात घेतले. या दोघी जावांचं बोलणं कधी तुटलं नव्हतं. पाणवठ्यावर बोलायच्या, नवऱ्यांच्या मागं.

"वयनी," दादाभाऊ दाव्यावरची नजर न काढता म्हणाला, "पडकई म्हणजे आज तुमच्यात, उद्या आमच्यात. तुमी त्या रानाला दिवस दिला. ते रान कुणाच्या बांधावर दगड उचलाय येणार हाय?"

"मला ठावं न्हाई भावजी," अंबाबाई म्हणाली. "मी आपली बोलवाय आले."

"मला कुठं काय हत्यार हाय? माझी कुऱ्हाड त्येच्या सायबाकडं पडलीय."

"अवो, गवत कापायला कुऱ्हाड कशाला लागती?" सखूबाई म्हणाली. त्यानं दाव्याचा पीळ आणखी घट्ट केला.

घरी भागूला कळलं होतं. तो चुलीपुढं उभा होता आणि रागानं त्याचा आवाज चिरकला होता. "तुला कुणी सांगितलं व्हतं? खाचर जाईल आपलं. खायचं काय? माझं येड माझ्यापाशी ऱ्हाऊ द्यायचं व्हतं."

"तुमचं एकट्याचं येड अडीच किलोमीटर पुरत न्हाई," अंबाबाई म्हणाली. "हात बघा आपला. आणा हिकडं." तिनं खोबरेल तेल कोमट करून त्याच्या तळव्याला लावलं. तो चिडलेलाच होता, पण हात त्यानं काढून घेतला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "तांदूळ पुरंल का सगळ्यांना?" मग तिला कळलं की राग उतरला.

सकाळी अंबाबाईनं मोठ्या पातेल्यात हुलग्याची आमटी ठेवली, भात पेजेसकट उतरवला आणि वर गेली. तिला वाटलं होतं सात-आठ माणसं येतील. अठ्ठावीस आली. बायकांपैकी काही तोंड वाकडं करून आल्या होत्या, पण कोयता धार लावून आणला होता. पडकईचं बोलावणं घेऊन घरी बसलं असं उद्या कुणी म्हणायला नको, एवढी लाज वाडीत अजून आहे.

थोड्या वेळानं मोटरसायकल थांबली. रुपाली आली, पण वर्दी नव्हती. साधा पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गुंडाळलेली, हातात विळा. अंबाबाईनं आदल्या दिवशी तिला काही कळवलं नव्हतं. अंजनानं फोन केला होता.

"मॅडम, तुमी कशाला?" भागू म्हणाला.

"मी मॅडम नाही आज. सुट्टी टाकलीय. वर्दीत आले तर बिनमजुरीचं काम करून घेतलं म्हणून मलाच विचारतील."

"इळा धरता येतो का पण?" अंजना म्हणाली. "का नुसता मोबाईल?"

"कांदा काढतच मोठी झाले मी. चल, तुझी ओळ माझ्या शेजारी लाव." दोघींनी शेजारी-शेजारी ओळ धरली, आणि दुपारपर्यंत रुपाली तिच्या चार हात पुढं होती. बाया अंजनाला इतकं हसल्या की तिनं शेवटी विळा खाली टाकून पाणी प्यायचं निमित्त काढलं.

उन्हं तापली. गवताची कुसळं अंगाला चिकटली, पाठी ओल्या झाल्या, घाम डोळ्यांत उतरायला लागला. माणसं एका रांगेत वाकून सरकत होती आणि त्यांच्या मागं जमीन उघडी पडत होती. भागू पुढं-मागं धावत होता, रुंदी पावलांनी मोजत होता, कुठं कमी झाली की पुन्हा कापायला लावत होता. सवयीनं त्याचा हात दोनदा गळ्यापाशी गेला. शिट्टी नव्हती. मग त्यानं दोन बोटं तोंडात घालून शीळ मारली आणि म्हणाला, "चला, जेवायला."

लोक जेवायला बसले तेव्हा चढावरून दादाभाऊ येताना दिसला. रिकाम्या हातानं. सगळ्यांचं चावणं मंद झालं. तो येऊन भागूपासून थोडा लांब उभा राहिला, कापलेल्या पट्ट्याकडं बघितलं आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "मला हत्यार न्हाई."

भागू उठला. त्यानं स्वतःचा कोयता उचलला, मुठीवर तेलकट चिंधी गुंडाळलेली होती ती नीट केली आणि मूठ पुढं करून दादाभाऊला दिला. दादाभाऊनं तो घेतला, चिंधीकडं बघितलं, मग भागूच्या तळहाताकडं. "बस तू आता," तो म्हणाला. तीन वर्षांतला पहिला शब्द तो, आणि तो भावानं भावाला बसायला सांगण्याचा होता. अंबाबाईनं घाईघाईनं त्याच्यासाठी पत्रावळ मांडली आणि आमटी वाढताना निम्मी खाली सांडली.

दिवस मावळायला टेकला तेव्हा ओढा शंभरेक पावलं राहिला होता. माणसं थकली होती, गुरं घरी यायची होती. "ऱ्हाऊ द्या तेवढं," भागू म्हणाला, "मी करतो." दुसऱ्या दिवशी पहाटे वारं नव्हतं. भागू, दादाभाऊ, रुपाली आणि चार माणसं ओल्या फांद्या घेऊन दोन्ही कडांना उभी राहिली आणि कापलेलं गवत तुकड्या-तुकड्यानं जाळत गेली. ऊन वर येईपर्यंत डोंगराच्या कमरेला काळा पट्टा उमटला. राहिलेली शंभर पावलं मात्र राहिलीच. भागू कापायला गेला, पण त्याच दिवशी वारं सुटलं आणि तापही भरला त्याला. आठ दिवस अंथरुणावर होता, तोवर शिमगा होऊन वारं फिरलं होतं.

वणवा आला तो चैत्रात, भर दुपारी, खालच्या दरीतून. कुणी लावला कोण जाणे. आधी धुराचा वास आला, मग तडतड ऐकू आली, मग वाडीतलं ज्याला पाय होते ते माणूस फांदी तोडून वर पळालं. ज्वाळा गवतातून माणसाच्या उंचीनं चढत होत्या, पाखरं ओरडत होती. आणि पट्ट्याशी आल्या तशा त्या बसल्या. खरंच बसल्या. काळ्या जमिनीच्या कडेला आग खाली झाली, धुमसली, इकडंतिकडं सरकली आणि विझली. अंबाबाई तिथंच मटकन बसली आणि रडायला लागली. तिला लाज वाटली नाही.

ओढ्याकडं मात्र आग आत घुसली. त्या शंभर पावलांतून. सगळ्यांनी मिळून ती झोडपून झोडपून विझवली तोवर तीन हिरडे आणि एक अंजनी जळाली. अंजनीवर जुनं घरटं होतं. भागू खाली उभा राहून बराच वेळ वर बघत होता. धूर बघून आलेल्या रुपालीनं त्याला सांगितलं, रिकामंच असणार मामा. तो हो म्हणाला. पण संध्याकाळपर्यंत तो कडेच्या जांभळीखाली बसला आणि मादी बाहेर आलेली दिसली तेव्हाच घरी आला. "दोन्ही पिल्लं हायत," एवढं सांगून जेवायला बसला.

सगळी मजुरी काही आली नाही. एका महिन्याचे पैसे वैशाखात आले, बाकीचं पुढं बघू म्हणाले. रुपाली दर आठवड्याला वर पत्र लिहीत होती. एकदा येताना तिनं कुणाला न विचारता शिट्टी आणून भागूच्या हातात दिली. म्हणाली, यादीत हरवली असं लिहिलंय.

ज्येष्ठ लागला. कोकणाच्या अंगानं ढग दिसायला लागले आणि अंबाबाईचा जीव खाचरात अडकला. दोघांनीच जमेल तेवढा बांध घालू असं ठरलं. निदान कोपरा तरी. ती पहाटे घमेलं घेऊन पुढं गेली, मागनं भागू पहार घेऊन येणार होता. खाचराशी पोचली तर तिथं आधीच कुणीतरी होतं. दादाभाऊ. तो भागूच्या राहिलेल्या बांधाचे दगड उपसून बाजूला मांडत होता.

"अवो भावजी, हे काय?"

"ह्यो बघा," दादाभाऊ एक दगड तिला दाखवत म्हणाला. "पालथा बसवलाय. पाणी थांबंल कसं? ह्येच्यापेक्षा माझी म्हस बरा बांध घालंल."

अंबाबाईला हसावं का रडावं कळेना. तेवढ्यात वाटेवर आवाज आले. अंजना, तिची सासू, मागं गडी, कुणाच्या खांद्यावर टिकाव, कुणाच्या डोक्यावर घमेलं. अकरा घरं. सगळ्यात मागं सखूबाई, डोक्यावर भाकरीची पाटी.

"अगं पण," अंबाबाई म्हणाली, "माझा दिवस तर गेला. मी कुणालाच बोलवलं न्हाई."

"मी बोलवलं," सखूबाई म्हणाली. तिनं पाटी खाली ठेवली आणि चुंबळ काढून मान मोकळी केली. "आज दिवस आमचा हाय, शेवटचा. आमी हितं लावला."

"अन् तुमची वरली ताल, त्या बांधाचं काय?"

"ऱ्हाईल आवंदा."

अंबाबाई पुढं झाली आणि तिनं सखूबाईचे दोन्ही हात धरले. ते पिठानं अजून खरखरीत होते. पहाटे तीनला उठून तिनं एवढ्या भाकरी केल्या असणार. आपल्या दिवशी सखूनं पोटभर खाल्लं होतं का ते आपण बघितलंसुद्धा नाही, हे अंबाबाईला आता आठवलं आणि तिला फार वाईट वाटलं.

भागू आला तेव्हा अर्ध्या बांधाचा पाया उघडा झाला होता. तो कडेला थांबला. पहार हातात तशीच. सदरा घातलेला, गळ्यात शिट्टी. कुणी त्याला काही सांगितलं नाही, सगळे कामात होते. मग त्यानं पहार टेकवली, ढिगाऱ्यातला एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि कोपऱ्याशी बसलेल्या दादाभाऊकडं आणला. तिथं वाकून तो स्वतःच ठेवायला लागला.

"थांब," दादाभाऊ म्हणाला. "तू नुसता दे."

भागूनं दिला. दादाभाऊनं दगड दोनदा फिरवला, खालची माती बोटांनी सारखी केली आणि बसवला. मग वर न बघता हात पुढं केला, आणि भागू दुसरा आणायला गेला.